बांधलेला गडी आणि बांधलेला सोबती



वसंतातल्या ह्या व्याख्यानांना आम्ही बरीच वर्षे मागच्या रांगेत बसून हजेरी लावीत आलो आहोत. आमचे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही झाले ते रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत, वाचनालयाच्या बाकावर आणि अशाच मंडपात. तेव्हा ह्या वर्षी बोलण्याचे आमंत्रण आले, त्या वेळी चालकांना वाटले असणार की आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलू. आम्ही विषय कळवला तो असा : एका बैठ्या खेळात अद्भुत प्राणी बोलावून त्याच्यासह लढणारे पात्र कसे खेळावे. चिटणिसांनी दूरध्वनी करून विचारले, "भाऊ, प्रकृती बरी आहे ना?" प्रकृती उत्तम आहे, आणि विषयही आमच्या धंद्यातलाच आहे. तो कसा, ते सांगण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

अंबरनाथला आमच्या युनियनची एक खोली आहे. एक टेबल, दोन बाके, भिंतीवर जुनी पत्रके, एवढाच तिचा संसार. रविवारी ती रिकामी असते. गेल्या पावसाळ्यात चार तरुण आमच्याकडे आले : उल्हासनगरच्या एका सिंधी कापड-दुकानदाराचा मुलगा, बदलापूरहून लोकलने येणारी परिचारिकेच्या अभ्यासक्रमाची एक विद्यार्थिनी, आणि अंबरनाथचेच दोघे भाऊ, ज्यांचे वडील एका रसायन कारखान्यात फिटर आहेत. "काका, आम्हाला दर रविवारी चार तास बसायला जागा हवी आहे. आवाज होईल, पण भांडण होणार नाही," असे त्यांनी सांगितले. आम्ही किल्ली दिली.

तीन आठवड्यांनी ते फिटर आमच्याकडे आले, आणि ते चिडलेले होते. "भाऊ, तुमच्या खोलीत पोरं भुतं बोलावतात. थोरल्याच्या वहीत कसल्याशा जनावराचं चित्र आहे, त्याच्या कपाळावर खूण आहे, आणि तीच खूण त्यानं स्वतःच्या चित्रावर काढली आहे. बुवाबाजीविरुद्ध गेटावर भाषणं करता ते तुम्हीच ना?"

हा घाव वर्मी बसला. महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. त्यासाठी अनेक वर्षे झगडणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला, आणि मग आधी वटहुकूम व डिसेंबरात कायदा, असा तो मार्गी लागला. त्या काळात आम्ही ह्या टापूतल्या कारखान्यांच्या दारांवर सभा घेतल्या होत्या. आता आमच्याच खोलीत मंत्रतंत्र चालतो असे कोणी म्हणाले तर आम्ही तोंड कोठे दाखवायचे? पुढच्या रविवारी आम्ही स्वतः जाऊन बाकावर बसलो. संध्याकाळपर्यंत उठलो नाही. त्यानंतर त्यांचे इंग्रजी नियमपुस्तक घरी आणून शब्दकोश हाताशी घेऊन वाचले. जे कळले ते आता आपल्यापुढे मांडतो.

हा खेळ असा. चारसहा माणसे टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि त्या पात्राची ताकद, चपळाई, विद्या, शस्त्रे एका कागदावर आकड्यांत मांडतात. सूत्रधार म्हणतो, "तुम्ही घाट उतरता आहात, पुढचा पूल तुटलेला आहे, आणि पलीकडे कोणी तरी मशाल घेऊन उभे आहे. काय करता?" ज्याने त्याने आपल्या पात्राच्या वतीने उत्तर द्यायचे. ते जमले की फसले ह्याचा निकाल फासा देतो. हा फासा आपल्या सारीपाटाच्या फाशासारखा लांबट नसून वीस बाजूंचा असतो. ज्यांनी कोकणातला दशावतार पाहिला आहे त्यांना हे चटकन समजेल. तेथे कथानक ठरलेले असते, पण संवाद नट उभ्या उभ्या रचतात. येथे कथानकही अर्धेअधिक तेथेच रचले जाते, आणि प्रेक्षक कोणी नसतो, सगळेच नट.

ह्या प्रकारचा पहिला छापील खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते, आणि त्याचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. पुढे त्याच वाणाचे अनेक खेळ निघाले. आमची मुले खेळतात तो 'पाथफाइंडर'. तो पायझो नावाच्या प्रकाशनसंस्थेने २००९ साली काढला आणि २०१९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आणली. फिटरबंधूंना जी भीती वाटली ती त्यांच्या एकट्याची नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे. १९८० नंतरच्या दशकात खुद्द अमेरिकेत ह्या खेळांविरुद्ध मोठे काहूर उठले होते. मुले सैतानाच्या नादी लागतात अशी ओरड झाली, आणि १९८३ साली तर ह्या खेळांना विरोध करण्यासाठी एक संघटनाही निघाली.

भोंदू बुवा आणि हा खेळ ह्यांतला भेद आम्हाला पहिल्याच दिवशी दिसला. बुवा म्हणतो, मी बोलावतो ते खरे आहे, तू विश्वास ठेव आणि पैसे ठेव. येथे टेबलावरच्या प्रत्येकाला पक्के ठाऊक असते की हे खोटे आहे. प्रत्येक शक्तीचा नियम पुस्तकात छापलेला आहे, तो कोणीही वाचावा, आणि सूत्रधार चुकला तर पान उघडून त्याला दाखवावे. ज्या देवऋषाच्या शक्तीचे नियम गिऱ्हाइकाला वाचायला मिळतात आणि ज्याची चूक गिऱ्हाईक काढू शकते, असा देवऋषी आम्ही अजून पाहिलेला नाही.

आता मूळ विषय. ह्या खेळात जी पात्रे घेता येतात त्यांत एक 'समनर' आहे. आम्ही त्याला आवाहक म्हणू. आवाहक स्वतः फारसा लढवय्या नसतो. त्याची सारी मदार एका अद्भुत सोबत्यावर असते. त्या सोबत्याला पुस्तकात 'आयडोलॉन' म्हटले आहे. हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ प्रतिमा किंवा छाया. हा सोबती पशूचा असेल, ड्रॅगनचा असेल, वनस्पतीचा, यंत्राचा, देवदूताचा, दैत्याचा, किंवा एखाद्या मृत माणसाच्या मागे राहिलेल्या निष्ठेचा असेल. दोघांच्या अंगावर एकच खूण असते. फिटरबंधूंनी वहीत पाहिली ती हीच.

सोबत्याला बांधून ठेवण्याची ही कल्पना आपल्याला परकी नाही. कोकणात गिऱ्ह्याची गोष्ट सांगतात. गिऱ्हा म्हणजे पाण्यातले भूत. रात्रीच्या वाटसरूला ते चकवून खोल पाण्यात नेते. परंतु एखाद्या धीट माणसाने त्याचा केस मिळवून लपवून ठेवला, तर गिऱ्हा त्याचा गडी होतो; नांगर धरील, ओझी वाहील, सांगाल ते काम करील. मात्र केस परत हाती लागला की तो धन्याचा सूड घेतल्यावाचून राहत नाही. ह्या गोष्टीत करार कसा आहे पाहा. केस चोरलेला आहे, काम फुकटचे आहे, आणि धनी रात्रंदिवस एकाच धास्तीत आहे की केस सापडता कामा नये. धन्याला गिऱ्ह्याचे पोट, पाठ, श्रम ह्यांची काही खबर नाही. हा बांधलेला गडी.

दुसरी गोष्ट वेताळाची. आपल्या अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे. त्याच अकराव्या शतकात तिकडे काश्मिरात सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला, आणि वेताळाच्या पंचवीस कथा त्यात आल्या. राजा प्रेत खांद्यावर घेऊन चालतो, प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो, कोडे घालतो, राजाने उत्तर दिले की परत झाडाला जाऊन लटकतो. शेवटी तोच वेताळ राजाला सावध करतो की ज्या साधूसाठी तू हे ओझे वाहतोस तो तुझाच बळी देणार आहे. येथे बंधन चोरीने पडलेले नाही. एकमेकांची परीक्षा घेत, बोलत बोलत ते पडले आहे, आणि ज्याने ओझे वाहिले त्याचा जीव वाचला आहे.

तिसरे उदाहरण गोष्टीतले नाही, रिवाजातले आहे. सिंधुदुर्गात आरवलीचा वेतोबा प्रसिद्ध आहे. तो गावाचा राखणदार. रात्री तो गावाभोवती फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, अशी लोकांची श्रद्धा. म्हणून भक्त त्याला मोठाल्या वहाणा करून वाहतात. आमचा त्या फेरीवर विश्वास नाही. पण त्या रिवाजातला विचार आम्हाला फार मोलाचा वाटतो. जो आपल्यासाठी चालतो त्याची वहाण झिजते, आणि झिजलेली वहाण भरून देण्याचे काम ज्याची राखण झाली त्याचे आहे.

ही तीन बंधने मनात ठेवून आता खेळाच्या पुस्तकांकडे वळू. आम्ही वाचीत गेलो तसतसे आम्हाला दिसले की, सोबत्याला लागले तर धन्याचे काय जाते, ह्या एका प्रश्नाची उत्तरे वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी दिलेली आहेत.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९७८ च्या पुस्तकात जादूगार एक लहानसा सोबती मिळवू शकतो : मांजर, घुबड, कावळा असा. प्रत्येक पात्राच्या जिवाचे माप आकड्यांत असते; त्याला आम्ही प्राणांक म्हणू. मार बसला की ते उतरतात, शून्य झाले की पात्र कोसळते. ह्या जुन्या नियमाप्रमाणे सोबती मेला, तर त्याचे जेवढे प्राणांक असत त्याच्या दुप्पट जादूगाराच्या खात्यातून कायमचे जात. हा करार धन्याला महाग होता. सोबत्याला पुढे ढकलण्यापूर्वी धनी दहा वेळा विचार करी.

त्याच खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत हा दंड राहिलेला नाही. सोबत्याचे प्राणांक संपले की तो नाहीसा होतो. मग जादूगाराने दहा मोहरांचा कोळसा, धूप व वनस्पती पितळी शेगडीत जाळायच्या, तासभर विधी करायचा, की सोबती पुन्हा हजर. धन्याच्या अंगावर ओरखडा नाही. पुस्तकातली ही ओळ वाचली आणि आम्ही पुस्तक मिटले. त्या दिवशी पुढे वाचवले नाही. का, ते सांगतो.

१९९४ साली आम्ही एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होतो. पायडल दाबायचे की वरून डाय खाली येई आणि पत्रा कापला जाई. पायडलवर पाय आमचा. कापलेला तुकडा हाताने काढून घेण्याचे काम हेल्परचे. हेल्पर कंत्राटदाराकडचा, एकोणीस वर्षांचा मुलगा, आम्हाला दादा म्हणायचा. डायपुढची जाळी माल जास्त निघावा म्हणून काढून ठेवलेली होती. एका दुपारी आमचा पाय आणि त्याचा हात ह्यांचा मेळ चुकला. त्याची दोन बोटे गेली. आमची हजेरी लागली, आमचा पगार पुरा मिळाला. त्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हतेच. रात्रपाळीला कंत्राटदाराने दुसरा मुलगा आणून उभा केला. दुसऱ्या दिवशी आमच्यापुढे एक कागद आला. त्यावर लिहिले होते की अपघाताच्या वेळी यंत्र बंद होते आणि मुलाने विनाकारण हात घातला. आमच्या घरी तान्हे मूल होते. आम्ही सही केली.

त्यानंतर तीन महिन्यांनी आम्ही युनियनची पावती फाडली. पुष्कळ जण विचारतात, भाऊ, तुम्ही चळवळीत कसे आलात? आम्ही वाचनाचे, पुढाऱ्यांचे नाव सांगतो. खरे कारण तो कागद आहे. दहा मोहरांचा धूप जाळला की नवा सोबती, ही ओळ आमच्या दृष्टीने जादूची नव्हती. ती आम्ही डोळ्यांनी पाहिली होती.

आठवड्याने पुन्हा पुस्तक उघडले. आता 'पाथफाइंडर'. त्यात आवाहक प्रथम आला तो २०१० साली. त्या नियमात सोबत्याचे प्राणांक वेगळे, आवाहकाचे वेगळे. सोबती मरणाच्या दाराशी आला, तर आवाहकाला मुभा होती की आपले प्राणांक त्याला द्यावे आणि त्याला टिकवून धरावे. द्यायचे की नाही हे आवाहकाने ठरवायचे. न दिले तर सोबती आपल्या लोकी परत जाई आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या प्राणांकांनिशी पुन्हा बोलावता येई. हा करार २०१४ च्या त्या कराराहून बरा, पण त्याचे नाव मेहेरबानी. धनी चांगला असला तर गड्याचे बरे. आमच्या धंद्यात चांगले मालक आम्ही पाहिले आहेत, आणि ते वारल्यावर त्यांचे चिरंजीवही पाहिले आहेत. म्हणून मेहेरबानीवर आमचा भरवसा नाही.

नंतर २०२१ साली दुसऱ्या आवृत्तीतला आवाहक आला. त्यात एका वाक्याने सारे पालटले आहे. दोघांचे प्राणांक एकच. एकच खाते, एकच आकडा. सोबत्याला घाव लागला तरी त्या खात्यातून जातात, आवाहकाला लागला तरी त्यातूनच. औषध कोणालाही दिले तरी त्याच खात्यात जमा. शून्य झाले की आवाहक कोसळतो आणि सोबती तत्क्षणी नाहीसा होतो. द्यावे की न द्यावे हा प्रश्नच उरला नाही. ज्याचा हात डायखाली आहे आणि ज्याचा पाय पायडलवर आहे, त्यांचे रक्त एकच, असे हा नियम म्हणतो.

आम्ही भाबडे नाही. हा नियम करणारांच्या मनात कामगारांचा कळवळा होता असे आमचे म्हणणे नाही. २०१० चा आवाहक फार जबरदस्त झाला, असे खेळणारांचे म्हणणे होते. एकाच खेळाडूला जणू दोन पात्रे मिळत, टेबलावरचा वेळ तोच खाई आणि बाकीचे बघत बसत. २०१५ साली त्याची सुधारलेली, आवळलेली आवृत्ती काढावी लागली. तेव्हा एकच खाते ठेवण्यामागे टेबलावरचा समतोल हे साधे व्यवहारी कारण असावे. परंतु कामगार कायद्यांचा इतिहास आम्ही जो वाचला त्यातही असेच दिसते. पुष्कळ चांगले नियम दयेने झाले नाहीत. एकाच्या मोकाटपणाने बाकीच्यांचे चालेना, म्हणून झाले. आणि १९७८ ते २०१४ ह्या काळात त्या दुसऱ्या खेळात जे घडले तेही विसरू नये : एकदा लिहिलेला नियम कायमचा राहतो असे नाही, पुढच्या आवृत्तीत तो गुपचूप गळू शकतो.

पुस्तक वाचणे निराळे आणि खेळणे निराळे. मुलांनी आग्रह केला, "काका, तुम्हीच एकदा आवाहक घ्या." आम्ही घेतला. सोबती म्हणून बैल मागितला. पशूचा सोबती घेता येतो, त्यामुळे सूत्रधार झालेल्या मुलीने तो लगेच दिला. वडिलांच्या दावणीला बैल होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळून खांदेमळणी करीत, ते आम्हाला आठवले. बैलाचे नाव ठेवले सर्जा. पहिल्या पायरीच्या आमच्या माणसाचे प्राणांक भरले २०.

पुलापलीकडे दरोडेखोर होते. आम्ही काय केले? आम्ही, तीस वर्षे एकजुटीची भाषणे करणारे, एका झाडामागे दडलो आणि सर्जाला एकट्याला पुढे घातले. मनात हिशेब असा की मार त्याला बसेल. पहिल्या दरोडेखोराने त्याला ८ चा घाव घातला, दुसऱ्याने ७ चा. "काका, तुमचे राहिले ५," मुलगी म्हणाली. आम्ही म्हणालो, "आम्ही तर झाडामागे आहोत!" ती म्हणाली, "झाडामागे असा, नाही तर घरी असा." मग एक बाण आम्हाला लागला तो ६ चा. आम्ही पडलो, आणि सर्जा वाफेसारखा विरून गेला. सगळे हसले. आम्हीही हसलो, पण हसताना मान खाली गेली.

त्यानंतर आवाहक कसा खेळावा ते मुलांनी आम्हाला शिकवले. ज्यांची मुलेनातवंडे हा खेळ खेळत असतील, किंवा ज्यांना स्वतः बसावेसे वाटेल, त्यांच्यासाठी ते थोडक्यात सांगतो.

प्रत्येक फेरीत पात्राला तीन कृती मिळतात : चालणे, वार करणे, दार उघडणे, अशा. आवाहक आणि सोबती ह्या दोघांत मिळून त्या तीनच. पण फेरीत एकदा 'जोडीने कृती' करण्याची मुभा आहे. त्यात एक जण काही करतो, त्याच वेळी दुसराही एक कृती करतो. म्हणजे तिनाच्या चार होतात. नवखा खेळाडू हे विसरतो आणि दर फेरीला एक कृती वाया घालवतो. पहिला धडा हा की जोडीने कृती प्रत्येक फेरीला करावी.

दुसरा धडा वारांचा. एकाच फेरीत दुसरा वार केला तर फाशाच्या आकड्यातून साधारणपणे ५ वजा होतात, तिसऱ्याला १०. ही वजाबाकी दोघांची एकत्र मोजतात. सर्जाने एक वार केला आणि पाठोपाठ आपणही केला, तर आपला वार दुसरा धरला जातो. म्हणून दोघांनी एकच काम करू नये. एकाने वार करावा, दुसऱ्याने वाट अडवावी, जखमीला उठवावे किंवा मंत्राचे बळ द्यावे. जोडीत दोघांचे हात निरनिराळ्या कामाला लागले तरच जोडीचा उपयोग.

तिसरा धडा अंतराचा. सोबती आवाहकापासून शंभर फुटांच्या आत राहिला पाहिजे. पलीकडे गेला की तो विरतो. आणि विरलेल्या सोबत्याला पुन्हा प्रकट करायला तिन्ही कृती, म्हणजे पुरी फेरी लागते. म्हणून लढाईची चाहूल लागताच त्याला आधी बोलावून ठेवावे. मारामारी सुरू झाल्यावर बोलावू म्हणणारा आधी मार खातो.

चौथा धडा आम्हाला सर्वांत आवडला. आगीचा एखादा लोळ दोघांवर एकदमच आला, तर खात्यातून दोनदा वजा होत नाही. दोघांपैकी ज्याला जास्त लागले तेवढेच एकदा वजा होते. म्हणजे एकत्र असल्याने संकट दुप्पट होत नाही. पण दोघे वेगवेगळ्या शत्रूंच्या तावडीत सापडले, तर दोन्हीकडचे घाव एकाच खात्यावर पडतात. आम्ही झाडामागे दडलो तेव्हा झाले ते हेच.

पाचवा धडा नियमपुस्तकातला कमी आणि बैठकीतला जास्त. सोबत्याला स्वतःचे मन असते. दोघे न बोलता एकमेकांच्या मनाशी बोलू शकतात, पण मन एक नव्हे. खेळाडूने सोबत्याला फक्त हत्यार म्हणून वापरले, तर खेळ लवकर कंटाळवाणा होतो. त्याला काय आवडते, तो कशाला भितो, आवाहकाची कोणती गोष्ट त्याला पटत नाही, हे आधी ठरवावे. आमच्या टेबलावर तो दुकानदाराचा मुलगा सर्जाच्या वतीने बोलतो. परवा आम्ही सर्जाला जळत्या घरात शिरायला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "तू पण येतोस का?" आम्ही गेलो. आत एक म्हातारी होती, ती बाहेर निघाली. आमचे ९ प्राणांक गेले, म्हणजे दोघांचे गेले.

फिटरबंधूंना आम्ही एका रविवारी बोलावून घेतले. ते दाराशीच बसले, चहा घेतला नाही. अर्ध्या तासाने त्यांनी थोरल्या मुलाला विचारले, "म्हणजे जनावराला लागलं, तर तुला पण लागतं?" मुलगा म्हणाला, "दोघांचं एकच असतं, बाबा." ते थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले. त्यांच्या कारखान्यात टाकी साफ करायला उतरतो तो माणूस कंत्राटदाराचा असतो, आणि वर दोर धरून उभा राहतो तो कायम कामगार असतो, हे आम्हाला ठाऊक आहे. दोर धरणारे ते स्वतःच. मग त्यांनी चहा मागवला. एवढेच.

ह्या सभागृहात बसलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी, दुकानात, सोसायटीच्या फाटकाशी कोणी ना कोणी बोलावलेला सोबती आहे. त्याला आपण बाई म्हणतो, पोऱ्या म्हणतो, वॉचमन म्हणतो. घरी गेल्यावर एकच हिशेब करून पाहावा : त्याचा हात भाजला, पाय मुरगळला, तर त्या दिवसाचा पगार कोणाच्या खात्यातून जातो? दोघांचे खाते एक असते तर आपण त्याला आज जेथे उभे केले आहे तेथे उभे केले असते काय?

त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला आम्ही पुढे शोधले. तो गावी निघून गेला होता. कागदावरची आमची सही मात्र कोठल्या तरी फायलीत अजून असेल.

रविवारी दुपारी दोनपासून खोली उघडी असते. सूत्रधार मुलगी म्हणते की टेबलाशी अजून एका माणसाची जागा आहे.